ही ओळ तुमची आहे ना?

"मॅडम, ही ओळ तुमची आहे ना?" नुकताच रुजू झालेला मुलगा खुर्ची सरकवत माझ्या टेबलाशी आला आणि त्याने स्क्रीनवर बोट ठेवलं. ओळ साधीच होती. पलीकडच्या यंत्राकडून उत्तर आलं नाही तर किती वेळ थांबायचं, त्याचा आकडा : ३७ सेकंद. तिच्या वरच्या ओळीत कुणीतरी टीप लिहून ठेवलेली, 'हा आकडा बदलू नका'. आणि डावीकडे, कुठली ओळ शेवटची कुणी आणि कधी बदलली ते दाखवणाऱ्या 'ब्लेम'च्या करड्या पट्टीत, दोन्ही ओळींपुढे माझं नाव आणि २००७ सालची तारीख. "तीस नाही, चाळीस नाही, सदतीसच का?" त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी त्या ओळी दोनदा वाचल्या. काहीही आठवेना. "मी नाही लिहिलेली," मी म्हणाले. "पण नाव तर तुमचं..." एवढं बोलून तो थांबला. मोठ्या माणसाची थाप पकडल्यावर लहान मुलं जशी उगाच दुसरीकडे बघायला लागतात, तसा तो खिडकीकडे बघायला लागला.

माझं नाव तिथे कसं आलं, ते मला पक्कं ठाऊक होतं. सांगायची लाज वाटत होती, एवढंच.

कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी साधनं असतात. २००७ मध्ये आम्ही त्यातल्या जुन्या सीव्हीएसवरून सबव्हर्जनवर आलो. सीव्हीएस प्रत्येक फाइलचा हिशेब वेगळा ठेवायचं. दहा फाइलींचा बदल टाकताना मध्येच लाइन गेली की पाच आत, पाच बाहेर, आणि कुठल्या पाच ते शोधत बसायचं. फाइलचं नाव बदलायचं म्हणजे जुनी काढायची आणि नवी टाकायची. तिचा इतिहास तिथेच तुटायचा. सबव्हर्जनचं १.० हे २००४ च्या फेब्रुवारीत आलं होतं. त्याच्या कमिटमध्ये, म्हणजे एका वेळी नोंदवलेल्या बदलात, एकतर सगळं जायचं किंवा काहीच जायचं नाही, आणि आम्हाला तेवढंच हवं होतं. जुना इतिहास सोबत नेणारं साधनही होतं, सीव्हीएस-टू-एसव्हीएन नावाचं. मी ते चालवून पाहिलं, ते दोन-तीन बिघडलेल्या फाइलींवर येऊन अडलं. शनिवारची संध्याकाळ होती, सोमवारी सगळे नव्या जागी कामाला लागणार होते. मी फाइलींची ताजी प्रत काढली, एका फोल्डरमध्ये ठेवली आणि एका दमात नव्या रिपॉझिटरीत, म्हणजे कोडच्या भांडारात, चढवली. संदेश लिहिला, 'इनिशियल इम्पोर्ट'. जुना सर्व्हर आहेच की, लागलं तर बघू, असं स्वतःला सांगितलं आणि घरी गेले. एंटरच्या त्या एका ठोक्याने दीड लाख ओळी माझ्या नावावर लागल्या. त्यातल्या फार तर दहा-बारा हजार माझ्या असतील.

पुढच्या सात वर्षांत त्याचे चटके मला बसले, तसे फायदेही झाले. कुठे काही मोडलं की लोक ब्लेम चालवायचे आणि माझ्याकडे यायचे. मी 'अहो, ते इम्पोर्टमुळे' असं सांगायचे, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर 'सगळे असंच म्हणतात' हे स्पष्ट दिसायचं. पण एकदा एका बैठकीत कुणीतरी तारखांची गुंतागुंत सोडवणारं एक फंक्शन मोठ्या पडद्यावर दाखवलं. वीस ओळींचं, सुबक, एकही शब्द जास्त नाही असं. "हे कुणी लिहिलंय बघा," म्हणून त्याने माझं नाव वाचून दाखवलं. मी हसले. 'इम्पोर्टमुळे' हा शब्द त्या दिवशी तोंडातून बाहेर पडला नाही. सबव्हर्जनमध्ये 'ब्लेम' या आज्ञेला 'प्रेज', म्हणजे कौतुक, असंही दुसरं नाव आहे. यातलं कुठलंही टाइप केलं तरी तेच काम होतं, तीच नावं त्याच ओळींपुढे येतात. ज्याने हे ठेवलं त्याने विनोद म्हणून ठेवलं असेल; मला तो त्या बैठकीनंतर जरा झोंबला.

तर तो मुलगा आला तेव्हा २०१४ चालू होतं आणि आमचं पुन्हा स्थलांतर ठरलं होतं, यावेळी गिट नावाच्या तशाच साधनावर. कारणं सगळ्यांची असतात तीच. ब्रँच, म्हणजे कोडची वेगळी फांदी, काढणं सोपं आणि परत जुळवताना अंगावर काटा, असं सबव्हर्जनवर रोजचं झालं होतं. मर्जची, म्हणजे अशा जुळवणीची, नोंद ठेवायची सोय त्यात १.५ पासून, म्हणजे २००८ मध्ये आली होती, पण आमच्या मनातली भीती काही तिने गेली नाही. काम कुणाकडे द्यायचं यावर फार चर्चा झाली नाही. मागचं तूच केलंस ना, मग हेही तूच कर. आणि मी मनाशी ठरवलं, यावेळी इतिहासासकट.

इतिहास न्यायचा म्हणजे आधी माणसांची यादी करायची. सबव्हर्जन प्रत्येक बदलापुढे नुसतं लॉगिन लिहितं, चार-सहा अक्षरांचं. गिटला पूर्ण नाव आणि ईमेल लागतो. म्हणून एक साधी मजकुराची फाइल बनवायची : डावीकडे जुनं लॉगिन, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे नाव आणि पत्ता. तासाभराचं काम वाटलं होतं. कामावर असलेली माणसं दहा मिनिटांत संपली. मग सोडून गेलेली. त्यांचे पत्ते कोणते लिहायचे? कंपनीतला पत्ता केव्हाच बंद झालेला, नवा माहीत नाही, आणि माहीत असला तरी त्यांना न विचारता कसा टाकायचा? एकीचं लग्नानंतर नाव बदललं होतं. लॉगिन जुन्या नावाचं, पण आता ती स्वतःला ज्या नावाने ओळखते ते लिहावं की तेव्हाचं? मी तिला मेल करून विचारलं. तिने उलट विचारलं, "अजून आहे माझा कोड?" मी तिला तिच्या ओळी मोजून कळवल्या. तीनशे बारा. तिचं पुढचं उत्तर एका शब्दाचं होतं : "बापरे."

रात्री आज्ञा देऊन स्क्रीन चालू ठेवून जायचे. गिटचा सबव्हर्जन वाचणारा भाग एकेक बदल आणायचा, आर-१, आर-२, आर-३, अशा ओळी वर सरकत राहायच्या. एकूण चौदा हजारांच्या आसपास. सकाळी येऊन बघावं तर स्क्रीन कुठेतरी मध्येच गोठलेली आणि शेवटची ओळ : अमुक लॉगिन लेखकांच्या फाइलमध्ये नाही. म्हणजे यादीत कुणीतरी राहिलं. दोन महिन्यांसाठी आलेला एक शिकाऊ, त्याने एकाच फाइलमधली एकच स्पेलिंगची चूक सुधारली होती आणि तेवढ्यासाठी चौदा हजारांची गाडी रात्रभर थांबून राहिली होती. त्याचं नाव लिहायचं, पुन्हा आज्ञा द्यायची. पुढच्या सकाळी दुसरा कुणीतरी. काही बदलांना लॉगिनच नव्हतं. तिथे सबव्हर्जन कंसात 'नो ऑथर' लिहितं, आणि गंमत अशी की त्या 'नो ऑथर'लाही यादीत नाव-पत्ता द्यावा लागतो. चौथ्या-पाचव्या सकाळी माझ्या लक्षात आलं की मी चिडत नाहीये. आज कोण अडवून बसलं असेल, या उत्सुकतेने मी लवकर येत होते.

आकड्यांचं मात्र वाईट वाटलं. सबव्हर्जनमध्ये अख्ख्या रिपॉझिटरीला एकच चढता आकडा असतो आणि आमच्या बोलण्यात तो भिनला होता. "बावन्नशेच्या आधी हे चालत होतं", "ते एकाहत्तरशे चाळीसमध्ये बघ", असं लोक सहज बोलायचे. आकडा ऐकला की काळ कळायचा. दहा हजारावा बदल आपल्या नावावर यावा म्हणून त्या दुपारी चार जण तयार बदल घेऊन दबा धरून बसले होते, आणि तो मान मिळाला कुणाला, तर ज्याला यातलं काहीच माहीत नव्हतं अशा एकाला. त्याने ओळीच्या शेवटची एक मोकळी जागा काढली होती. गिटमध्ये प्रत्येक कमिटची ओळख म्हणजे चाळीस अक्षरांची माळ. आत काय आहे, कुणी, कधी, कशानंतर, या सगळ्यातून ती निघते, म्हणून लेखकाच्या नावातलं एक अक्षर जरी बदललं तरी ती आणि तिच्यापुढच्या सगळ्या माळा बदलतात. (नंतर नावं सुधारायला मेलमॅपची सोय आहे, पण ती दाखवण्यापुरती, आतली नोंद होती तशीच राहते.) हे हुशारीचं काम आहे, त्याबद्दल मला आदरच आहे. पण दोन माळा शेजारी ठेवल्या तर आधीची कुठली ते सांगता येत नाही, आणि "ते सात-एफ-तीन-सी मध्ये बघ" असं आजवर कुणी मायेने म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. जुने आकडे शोधता यावेत म्हणून प्रत्येक संदेशाखाली जुना क्रमांक राहू दिला. दोन वर्षांत लोक तो बघायचे थांबले.

या सगळ्यात ते ३७ सेकंद तसेच राहिले होते.

कारण सबव्हर्जनचा कितीही प्रामाणिक इतिहास नेला तरी तो माझ्या त्या शनिवारपाशी येऊन थांबत होता. त्याच्या आधीची वर्षं सीव्हीएसमध्ये, आणि तो सर्व्हर कधीच भंगारात गेला होता. मी स्वतःची समजूत काढत होते की हे मोठमोठ्यांनीही केलंय. लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, २००२ पासून बिटकीपर नावाच्या दुसऱ्याच्या मालकीच्या साधनावर होता. २००५ मध्ये त्याचा मोफत वापर संपुष्टात आला, तेव्हा लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी स्वतःच गिट लिहायला घेतलं. ३ एप्रिलला सुरुवात केली आणि ७ एप्रिलला गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच राहायला लागला. १६ एप्रिलला कर्नल त्यात आला, तो मात्र मागचा इतिहास सोडून. त्या पहिल्या कमिटच्या संदेशात त्यांनी सरळ लिहिलंय की पूर्ण इतिहास हाताशी आहे, तरी आणत नाही. आणला तर सुमारे ३.२ जीबी होईल, हवं तर पुढे वेगळं ऐतिहासिक भांडार करता येईल. त्यामुळे कर्नलच्या एखाद्या फार जुन्या ओळीवर ब्लेम चालवा, माग त्या कमिटपाशी संपतो, आणि कुणीतरी भलत्यानेच केव्हातरी लिहिलेल्या ओळीपुढे टोरवाल्ड्स यांचं नाव दिसतं. मला यातून बराच दिलासा मिळाला. पण त्यांनी निदान संदेशात कारण लिहिलं होतं. माझ्या संदेशात 'इनिशियल इम्पोर्ट' एवढंच.

आणि याच्या अगदी उलट वागणारेही असतात. जीसीसी हा कंपायलर, म्हणजे कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम, २०२० च्या जानेवारीत सबव्हर्जनवरून गिटवर गेला, तोही रिपोसर्जन नावाच्या साधनाने इतिहासाची बारीक शस्त्रक्रिया करून. सबव्हर्जनला फक्त बदल आत टाकणारा माहीत असतो, लिहिणारा नाही. म्हणून त्यांनी जुन्या चेंजलॉगमधल्या नोंदी वाचून ज्याची त्याची नावं ज्याच्या त्याच्या कामापुढे लावली. हे वाचलं तेव्हा आमचं काम होऊन बरीच वर्षं झाली होती. वाचताना मान आपोआप खाली गेली.

जुना सीव्हीएस सापडला तो अपघातानेच. कपाटाच्या तळाशी एक जुनी हार्ड डिस्क होती, तिच्यावर चिकटपट्टीवर फिकट शाईत 'बॅकप, टाकू नये'. जोडली तर सुरुवातीला नुसती करकर. तिसऱ्यांदा फिरली. आत सगळ्या फाइली होत्या, नावाच्या शेवटी स्वल्पविराम आणि व्ही लावलेल्या. सीव्हीएसमध्ये काढून टाकलेल्या फाइली 'ॲटिक' नावाच्या फोल्डरमध्ये जातात, म्हणजे माळ्यावर. आमचाही माळा भरलेला होता. सीव्हीएसच्या फाइलीचं मला आवडतं ते हे की ती साध्या एडिटरमध्ये उघडून वाचता येते. सगळ्यात वर नोंदींची यादी, मग ताजी प्रत पूर्ण, आणि खाली मागे मागे जाणारे बदल. प्रत्येक नोंदीपुढे तारीख, लेखक आणि 'एक्स्प', म्हणजे प्रायोगिक अवस्था. ती कुणीच बदलत नसे, त्यामुळे वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांकडे चालणारा कोडही तिथे प्रायोगिकच. मी ३७ शोधला. खाली खाली गेले. २००२ च्या नोव्हेंबरमधली नोंद सापडली, वेळ १८.१५. तिथली वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असते. आमच्या घड्याळात रात्रीचे पावणेबारा. लेखक : डेव्ह२. संदेश, इंग्रजी अक्षरांत टाइप केलेल्या मराठीत : '३० पुरत नाही. उद्या बघू.'

डेव्ह२ हे लॉगिन तिघांचं होतं. नव्या माणसाला स्वतःचं लॉगिन मिळायला महिने लागायचे, तोवर सगळे त्यावरच काम करायचे. त्या तिघांतली एक मी.

मी बराच वेळ त्या दोन वाक्यांकडे बघत बसले. 'उद्या बघू' असं कोण लिहितं? मी लिहिते. पण तेव्हा आमच्या खोलीत सगळेच तसं बोलायचे, हेही खरं. तिघांपैकी एकाचा पत्ता लागला नाही. दुसरे आमच्यातले सगळ्यात मोठे, त्यांना संध्याकाळी फोन लावला. "सर, ती ३७ सेकंदांची ओळ आठवते का?" त्यांना आधी मीच आठवायला वेळ लागला. मग पलीकडून हसण्याचा आवाज आला. "अगं, बारा वर्षांपूर्वीचं काय विचारतेस! तूच असशील. रात्री उशिरापर्यंत तूच बसायचीस." मी म्हटलं, "तुम्हीही बसायचात की, सर." "असेन. मग टाक माझ्या नावावर. आता मला कोण येतंय जाब विचारायला?" ते इतक्या मोकळेपणाने म्हणाले की मला वाईट वाटलं. त्या बैठकीतल्या फंक्शनचाही लेखक मी त्याच डिस्कवर शोधला होता. ते त्यांचं होतं, त्यांच्या स्वतःच्या लॉगिनने, कुठलाही संशय नाही. तेही सांगितलं. "कुठलं फंक्शन?" ते म्हणाले. मी वर्णन केलं. त्यांना आठवलं नाही.

सीव्हीएसचा इतिहास वेगळा काढून गिटमध्ये आणला. त्यातही एक अंदाजच असतो : प्रत्येक फाइलच्या सुट्या नोंदी बघून, एकाच लेखकाने त्याच संदेशाने थोड्याच वेळात केलेले बदल एक कमिट समजायचे. मग तो सांधा सबव्हर्जनच्या इतिहासाला मागून जोडला. माझा इनिशियल इम्पोर्ट मध्ये राहिला, पण रिकामा; त्यात आता एकही ओळ बदलत नव्हती. यादीत डेव्ह२ पुढे बरोबरचं चिन्ह टाकलं आणि तिथे कर्सर बराच वेळ लुकलुकत राहिला. सरांचं नाव लिहिलं, खोडलं. माझं लिहिलं, तेही खोडलं. शेवटी उजवीकडेही 'डेव्ह२' लिहिलं आणि पत्त्याच्या जागी कुठेही न जाणारा पत्ता.

सोमवारी सगळे गिटवर आले आणि पहिल्याच तासाला प्रोग्रॅम सुरूच होईना. तीन तास गेल्यावर कळलं, की लॉग लिहायचा फोल्डर गायब आहे. तो रिकामा असायचा, आणि गिट रिकाम्या फोल्डरची दखलच घेत नाही. चौदा हजार बदल, बारा वर्षांची माणसं, माळ्यावरच्या फाइली, सगळं आणलं आणि एक रिकामा फोल्डर राहिला. त्यात एक नाममात्र फाइल टाकून ठेवली. सबव्हर्जनमध्ये फाइलींच्या डोक्यावरच्या क्रमांकाच्या ओळी आपोआप बदलायच्या, त्याही त्या दिवसापासून आहेत तिथेच थांबल्या. वर्षभर कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या मुलाला मी डिस्कवरची नोंद दाखवली. त्याने ती मोबाइलवर टिपून घेतली आणि आठवडाभर कुठेतरी खुडबुड करत राहिला. मग एका संध्याकाळी त्याचा कमिट आला, संदेश तब्बल पंचवीस ओळींचा. जुन्या प्रकारची काही यंत्रं पहिला प्रयत्न फसला की पंधरा सेकंदांनी स्वतःच पुन्हा प्रयत्न करतात, असं दोनदा. त्यावर उत्तर जुळवायला त्यांना चार-पाच सेकंद लागतात, असं त्याने लॉगमधून मोजून काढलं होतं. म्हणून तीस पुरत नव्हते. २००२ मधल्या त्या रात्री कुणीतरी ३१, ३३, ३५ असं करत ३७ वर येऊन झोपायला गेलं असणार. त्याने आकडा ४५ केला आणि कारण लिहिलं.

मी ब्लेम चालवला. आकड्याच्या ओळीपुढे आता त्याचं नाव होतं, २०१४. वरची ओळ त्याने तशीच ठेवली होती, 'हा आकडा बदलू नका'. तिच्यापुढे २००२, आणि डेव्ह२.